डीमॉझमधील नोंद: डिरेक्टरीतून मिळणाऱ्या लिंकचे एक प्रकरण

व्यवसायाचे संकेतस्थळ सुरू झाले की थोड्याच दिवसांत मालकाच्या ईमेलवर एक प्रस्ताव येतो. पाचशे किंवा हजार ऑनलाइन डिरेक्टऱ्यांमध्ये, म्हणजे संकेतस्थळांच्या विषयवार सूचींमध्ये, आपल्या संकेतस्थळाची नोंद करून देऊ, तितक्या लिंक मिळतील आणि गूगलवर आपले नाव वर येईल, असे त्यात लिहिलेले असते. मागितलेली रक्कम फार मोठी नसते, त्यामुळे अनेक जण ती देऊन टाकतात. या व्यवहारात आपण नेमके काय विकत घेतो, हे समजून घ्यायचे असेल तर डिरेक्टऱ्यांच्या इतिहासातील सर्वांत बोलके प्रकरण, म्हणजे स्वयंसेवक संपादकांनी चालवलेली डीमॉझ ही डिरेक्टरी, मुळापासून पाहायला हवे. डीमॉझमध्ये नोंद मिळावी म्हणून जगभरचे व्यावसायिक महिनोन्‌महिने वाट पाहत असत. ती नोंद विनामूल्य होती, आणि तरीही तिच्यासाठी पैसे मोजायला लोक तयार होते. फुकट मिळणाऱ्या नोंदीला एवढी किंमत कशी आली आणि ती कशाने गेली, याचा हा अभ्यास आहे. माझे मत आधीच सांगतो: डिरेक्टरीतील लिंकला जे मोल होते, ते एका माणसाने वाचकासाठी केलेल्या निवडीचे होते, आणि ज्या सूचीत निवडच होत नाही तिच्यातील लिंक कितीही मिळवल्या तरी त्यांतून व्यवसायाच्या हाती काही लागत नाही.

संपादकांनी उभी केलेली सूची

५ जून १९९८ रोजी रिच स्क्रेंटा आणि बॉब ट्रुएल या सन मायक्रोसिस्टिम्समधील अभियंत्यांनी ‘ग्नूहू’ या नावाने ही डिरेक्टरी सुरू केली. त्या काळी या क्षेत्रात याहूचे वर्चस्व होते. जेरी यांग आणि डेव्हिड फिलो यांनी १९९४ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात असताना तयार केलेल्या संकेतस्थळांच्या यादीची तोपर्यंत मोठी कंपनी झाली होती, आणि तिच्या डिरेक्टरीत कोणाला घ्यायचे हे कंपनीचे पगारी संपादक ठरवत. संकेतस्थळे ज्या वेगाने वाढत होती, त्या वेगाने पगारी माणसे वाढवणे कोणत्याही कंपनीला शक्य नव्हते. स्क्रेंटा आणि ट्रुएल यांनी काढलेला उपाय असा होता की हे काम स्वयंसेवकांमध्ये वाटून द्यायचे, म्हणजे ज्याला ज्या विषयाची आवड आणि माहिती आहे त्याने त्या विषयाचा एक छोटा वर्ग सांभाळायचा.

नावावर आक्षेप आल्यामुळे ‘ग्नूहू’चे ‘न्यूहू’ झाले. ऑक्टोबर १९९८ मध्ये नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीने ती विकत घेतली आणि तिला ‘ओपन डिरेक्टरी प्रोजेक्ट’ असे नाव दिले. नेटस्केपच्या मोझिला प्रकल्पाच्या पत्त्यावर चालणारी डिरेक्टरी म्हणून ‘डीमॉझ’ हे सुटसुटीत नाव रूढ झाले. पुढे नेटस्केपच एओएल या अमेरिकी इंटरनेट कंपनीच्या मालकीची झाल्याने डीमॉझही तिच्याकडे गेली. नेटस्केपने घेतली तेव्हा तिच्यात सुमारे १ लाख पत्ते आणि सुमारे ४,५०० संपादक होते. ऑक्टोबर १९९९ मध्ये पत्त्यांची संख्या १० लाखांवर गेली आणि डिसेंबर २००३ मध्ये ती ४० लाखांना पोहोचली.

संपादक होण्यासाठी अर्ज करावा लागे. अर्जदाराने एखादा लहान वर्ग निवडायचा, त्यात घालण्याजोगी काही संकेतस्थळे नमुन्यादाखल सुचवायची, त्यांची शीर्षके आणि वर्णने लिहून दाखवायची, आणि स्वतःचा कोणत्या संकेतस्थळाशी आर्थिक संबंध आहे हे उघड करायचे, अशी पद्धत होती. मोबदला काहीच नव्हता. भौगोलिक विभागांत देश, राज्य, शहर अशी उतरंड होती. भारताखाली महाराष्ट्र आणि त्याखाली त्यातली शहरे असे वर्ग होते, आणि पुण्यातल्या एखाद्या कारखान्याला आपले नाव तिथे किंवा आपल्या उद्योगाच्या वर्गात सुचवता येत असे.

नोंदीचे नियम व्यावसायिकांना जाचक वाटत, पण आज मागे वळून पाहताना त्यांतच डीमॉझचे खरे बळ दिसते. शीर्षकात व्यवसायाचे नाव तेवढे चालत असे. ‘सर्वोत्तम’, ‘स्वस्त’, ‘क्रमांक एकचे’ असली विशेषणे संपादक काढून टाकत, आणि वर्णनही तटस्थ भाषेत, तिथे काय मिळते एवढेच सांगणारे असावे लागे. एक संकेतस्थळ एकाच योग्य वर्गात आणि एकदाच सुचवायचे होते. दुसऱ्याचा माल दलालीवर विकण्यापलीकडे स्वतःचा मजकूर नसलेली संकेतस्थळे नाकारली जात. याचा एक परिणाम फार कमी जणांच्या लक्षात आला. लिंक ज्या शब्दांवर दिलेली असते ते शब्द सर्च इंजिनसाठी महत्त्वाचे असतात, आणि डीमॉझमध्ये ते शब्द निवडण्याचा अधिकार व्यावसायिकाकडे नव्हता, संपादकाकडे होता. पुढे जे घडले त्याचे मूळ या एका फरकात आहे.

लिंकला वजन कसे आले

१९९८ मध्येच लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी स्टॅनफर्डमध्ये मांडलेली पेजरँक ही पद्धत गूगलच्या पायाशी होती. एका पानाने दुसऱ्या पानाला दिलेली लिंक हे एक प्रकारचे मत मानायचे, पण सर्व मते सारखी मानायची नाहीत; ज्या पानाला स्वतःला वजनदार पानांकडून लिंक आहेत त्याच्या मताला अधिक वजन द्यायचे, आणि ते वजन त्या पानावरून बाहेर जाणाऱ्या सर्व लिंकमध्ये वाटून टाकायचे, असे तिचे सूत्र होते. त्यांच्या मूळ निबंधात या वाटणीला ०.८५ चा गुणक लावला आहे. म्हणजे एखाद्या वर्गाच्या पानावर ५० नोंदी असतील, तर प्रत्येक नोंदीच्या वाट्याला त्या पानाच्या वजनाच्या २ टक्क्यांहूनही कमी भाग येतो.

हे गणित लक्षात घेतले तर डीमॉझमधील एका नोंदीचे थेट वजन लोक समजत होते तेवढे नव्हते. मुख्य पानाला जगभरातून लिंक होत्या हे खरे, पण व्यावसायिकाची नोंद चार-पाच पायऱ्या खालच्या पानावर असे, आणि प्रत्येक पायरीला वजन वाटले जात जात तिथे थोडेच उरत असे. मग एवढी धडपड कशासाठी, हा प्रश्न रास्त आहे.

त्याचे उत्तर डीमॉझच्या परवान्यात सापडते. नेटस्केपने या डिरेक्टरीची सारी माहिती खुली ठेवली होती. ठरलेली श्रेयओळ दिली की कोणीही ती आरडीएफ या संगणकाला वाचता येणाऱ्या स्वरूपात उतरवून घेऊन आपल्या संकेतस्थळावर वापरू शकत असे, आणि लहानमोठ्या असंख्य संकेतस्थळांनी ती वापरलीही. त्यांत सर्वांत मोठे नाव खुद्द गूगलचे होते. मार्च २००० मध्ये सुरू झालेल्या गूगल डिरेक्टरीत डीमॉझचीच माहिती होती, फक्त नोंदी वर्णानुक्रमाऐवजी पेजरँकच्या क्रमाने मांडलेल्या होत्या आणि प्रत्येकीपुढे तिचा पेजरँक दाखवणारी हिरवी पट्टी दिसत असे. अशा रीतीने एका संपादकाने मान्य केलेली एक नोंद कित्येक ठिकाणी उमटत असे. शिवाय सर्च इंजिनचा शोधक रोबो नव्या संकेतस्थळापर्यंत पोहोचण्यासाठी अशा सूचींचा उपयोग होई, आणि स्वतः गूगलच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये आपले संकेतस्थळ ओपन डिरेक्टरी प्रोजेक्ट, याहू आणि आपल्या क्षेत्रातील जाणकार सूचींकडे सुचवावे असा सल्ला त्या काळी दिलेला होता. गूगलच असे म्हणत असेल, तर व्यावसायिकाने डीमॉझच्या दाराशी उभे राहणे स्वाभाविकच होते.

याच सल्ल्याचा पुढचा प्रवासही सांगायला हवा. २००८ मध्ये गूगलने तो आपल्या सूचनांमधून काढून टाकला. त्या आठ-दहा वर्षांत काय बदलले होते, ते पाहण्यासाठी संपादकांच्या रांगेकडे जावे लागते.

रांग, तक्रारी आणि बाजार

व्यावसायिकाच्या दृष्टीने डीमॉझ म्हणजे अर्ज केल्यावर ठरावीक मुदतीत उत्तर देणारे कार्यालय होते. संपादकाच्या दृष्टीने ती वाचकासाठी तयार केलेली सूची होती, आणि बाहेरून आलेल्या सूचना हा तिच्यात भर घालण्याचा केवळ एक मार्ग होता. रांगेतल्या सूचना क्रमाने तपासण्याचे बंधन संपादकावर नव्हते. स्वतः शोधलेली दहा चांगली संकेतस्थळे घालून रांगेतली शंभर तशीच ठेवण्याची त्याला मुभा होती, आणि रांगेत भरताड किती असे हे पाहिले तर ती मुभा का घेतली जाई तेही कळते. या दोन समजुतींमधल्या अंतरातून बहुतेक तक्रारी जन्माला आल्या. नोंद कधी होईल याची हमी नव्हती, नाकारली तर कारण कळवले जात नसे, आणि उत्तर न मिळाल्याने लोक पुन्हा पुन्हा तीच नोंद सुचवत, ज्यामुळे रांग आणखी लांबत असे.

जिथे मागणी प्रचंड आणि पुरवठा एका माणसाच्या इच्छेवर अवलंबून, तिथे गैरव्यवहाराचे आरोप होणारच. काही संपादक पैसे घेऊन नोंदी करतात, काही जण प्रतिस्पर्ध्यांच्या नोंदी अडवून धरतात, असे आरोप वर्षानुवर्षे होत राहिले. डीमॉझच्या नियमांत पैसे घेण्यास सक्त मनाई होती आणि गैरवर्तनाची तक्रार करण्याची सोयही होती. मला यात सर्वांत महत्त्वाचे वाटते ते असे, की हा मोह संपादकांपुढे वाचकांनी उभा केला नव्हता. ज्याला खरोखर काही शोधायचे होते असा वाचक एव्हाना डिरेक्टरी सोडून सर्च इंजिनकडे गेला होता. डीमॉझच्या पानांवर येणाऱ्यांमध्ये आता माहिती शोधणाऱ्यांपेक्षा लिंक शोधणाऱ्यांचा भरणा होता, आणि संपादक ज्याच्यासाठी निवड करत होता तो वाचकच तिथून निघून गेला होता.

याच सुमारास एक वेगळी अडचण पुढे आली, आणि ती आजच्या व्यावसायिकालाही तितकीच लागू आहे. गूगल आणि इतर सर्च इंजिने आपल्या निकालांत संकेतस्थळाचे वर्णन दाखवताना कधीकधी डीमॉझमधले वर्णन उचलत. ते वर्णन संपादकाने पाच-सात वर्षांपूर्वी लिहिलेले असे. दरम्यान व्यवसायाने माल बदललेला असे, शहर बदललेले असे, पण निकालात जुनेच वाक्य झळकत राही आणि मालकाला ते बदलता येत नसे. २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टचे एमएसएन, गूगल आणि याहू यांनी एकामागोमाग ‘नोओडीपी’ (ओपन डिरेक्टरी प्रोजेक्टचे वर्णन नको, अशा अर्थाचा) टॅग स्वीकारला. तो आपल्या पानाच्या एचटीएमएल कोडमध्ये घातला की डीमॉझचे वर्णन वापरले जात नसे. नोंद मिळावी म्हणून ज्यांनी जिवाचे रान केले होते, त्यांतल्याच काहींना तिच्यातला मजकूर लपवण्यासाठी हा टॅग लावावा लागला.

ऑक्टोबर २००६ मध्ये डीमॉझचा सर्व्हर कोलमडल्याने संपादकांचे काम डिसेंबरपर्यंत ठप्प झाले आणि बाहेरून सूचना पाठवण्याचा अर्ज तर त्यानंतरच सुरू झाला. जुलै २०११ मध्ये गूगलने आपली डिरेक्टरी बंद केली. याहूची डिरेक्टरी, जिच्यात व्यापारी संकेतस्थळांकडून वर्षाला २९९ डॉलर घेतले जात, ती डिसेंबर २०१४ मध्ये संपली. १७ मार्च २०१७ रोजी डीमॉझही बंद झाली, तेव्हा तिच्यात ३८ लाखांहून अधिक संकेतस्थळे होती, दहा लाखांहून अधिक वर्ग होते, आणि आरंभापासून तिच्यासाठी काम केलेल्या संपादकांची संख्या ९० हजारांवर गेली होती.

नक्कल झाली ती कशाची

डीमॉझच्या रांगेत कंटाळलेल्या व्यावसायिकाला दुसरीकडे वळवणे सोपे होते. २००० नंतरच्या दशकात हजारो डिरेक्टऱ्या निघाल्या. दिसायला त्या डीमॉझसारख्याच होत्या: तसेच वर्ग, तशीच उतरंड, तसाच ‘संकेतस्थळ सुचवा’ असा दुवा. नसायचा तो संपादक. अर्ज भरला की नोंद होत असे, किंवा काही डॉलर दिले की लगेच होत असे, आणि नाकारले जाण्याचा प्रश्नच नव्हता. त्याहून मोठा फरक असा, की लिंक कोणत्या शब्दांवर हवी हे इथे व्यावसायिकाला स्वतः ठरवता येत होते. मग स्वतःचे नाव कोण देणार? ‘स्वस्त विमानतिकिटे’, ‘लग्नाचे छायाचित्रकार’ असे ज्या शब्दांवर वर यायचे तेच शब्द लोकांनी शेकडो डिरेक्टऱ्यांमध्ये जसेच्या तसे भरले, वर्णनही सगळीकडे एकच चिकटवले, आणि काही काळ त्याचा फायदाही झाला.

पण हाच सारखेपणा उलटला. जो व्यवसाय खरोखर लोकांच्या तोंडी आहे, त्याच्याविषयी लिहिणारे लोक त्याचे नाव घेतात, कधी पत्ता देतात, कधी अर्धवट काहीतरी लिहितात. शंभर अनोळखी माणसे नेमका एकच विक्रीचा शब्द वापरून लिंक देत नाहीत. २४ एप्रिल २०१२ रोजी गूगलने जो बदल लागू केला आणि जो ‘पेंग्विन’ या नावाने ओळखला जातो, त्याचा रोख अशा कृत्रिम खुणांवरच होता. इंग्रजीतील सुमारे ३.१ टक्के शोधांवर त्याचा जाणवण्याजोगा परिणाम होईल, असे गूगलने तेव्हा सांगितले होते. टक्केवारी लहान दिसते, पण ज्या व्यवसायाचे सगळे ग्राहक त्या शोधांतूनच येत होते त्याच्यासाठी दुकानाचे दार एका रात्रीत बंद झाल्यासारखे ते होते.

त्यानंतरचा, अशा लिंक उपसून काढण्याचा काळ या प्रकरणातला सर्वांत शिकण्याजोगा भाग आहे, कारण नोंद करताना जो खर्च दिसला नव्हता तो तेव्हा दिसला. ज्या डिरेक्टऱ्यांना पैसे देऊन लिंक घेतल्या होत्या, त्यांनाच आता त्या काढून टाकण्याची विनंती करावी लागली. बऱ्याच डिरेक्टऱ्यांचा मालक कोण हेच कळत नव्हते, आणि काहींनी लिंक काढण्यासाठीही पैसे मागितले. ऑक्टोबर २०१२ मध्ये गूगलने ‘डिसअव्हाउ’ हे साधन दिले, ज्यात नको असलेल्या लिंकची यादी सादर करून त्या मोजू नयेत असे कळवता येते. पण नुसती यादी देऊन सुटका होत नव्हती. पेंग्विनचा हिशेब पुन्हा चालवला जाईपर्यंत संकेतस्थळ आहे तिथेच राहत असे, आणि तो हिशेब मधूनच कधीतरी चालवला जाई. ऑक्टोबर २०१४ मधल्या फेरीनंतर पुढची थेट सप्टेंबर २०१६ मध्ये आली. म्हणजे ज्याने २०१४ च्या दिवाळीनंतर सगळी साफसफाई पूर्ण केली, त्याला तिचे फळ मिळण्यासाठी जवळजवळ दोन वर्षे थांबावे लागले. २०१६ च्या त्या बदलापासून पेंग्विन सतत चालणाऱ्या मुख्य व्यवस्थेचा भाग झाला आहे आणि अशा लिंकमुळे संकेतस्थळाला खाली ढकलण्यापेक्षा त्या लिंक हिशेबातून वगळण्यावर त्याचा भर आहे. त्यामुळे आज पाचशे डिरेक्टऱ्यांचा प्रस्ताव स्वीकारणाऱ्याच्या बाबतीत बहुधा काहीच घडत नाही. मात्र हे वर्तन गूगलच्या नियमांत बसत नाही, हे स्पष्ट आहे. दर्जाहीन डिरेक्टऱ्यांमधील लिंक हा लिंक-स्पॅमचा प्रकार म्हणून त्यांच्या धोरणात नावानिशी नोंदवलेला आहे, आणि माणसाकडून तपासणी होऊन कारवाई होण्याची शक्यता उरतेच.

पैसे देऊन केलेली प्रत्येक नोंद वाईट असते का, हा प्रश्न इथे येतो. याहूच्या २९९ डॉलरांचे समर्थन असे केले जाई, की ते शुल्क तपासणीचे आहे, लिंकचे नाही. पैसे भरूनही संकेतस्थळ नाकारले जाऊ शकते. हा भेद मला पटतो. संपादकाच्या वेळेचे पैसे घेणे आणि त्याचा निर्णय विकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आजच्या नियमांप्रमाणे मोबदला घेऊन दिलेल्या लिंकला ‘स्पॉन्सर्ड’ किंवा ‘नोफॉलो’ अशी, म्हणजे सर्च इंजिनने ती लिंक मत म्हणून मोजू नये असे सांगणारी, खूण लावायची असते. नोफॉलो २००५ पासून आहे, स्पॉन्सर्ड ही खूण सप्टेंबर २०१९ मध्ये आली. अनेक मोठ्या व्यवसाय-सूची अशी खूण लावतात, आणि म्हणून तिथली नोंद निरुपयोगी आहे असे काही सल्लागार सांगतात. हे म्हणणे उलटे आहे असे मी ठामपणे म्हणेन, आणि त्याचे कारण आपल्याकडच्या परिस्थितीतच दिसते.

आपल्याकडे या प्रकरणाचा अर्थ

भारतात ज्या सूची टिकल्या, त्यांचा जन्म लिंक देण्यासाठी झालेलाच नव्हता. जस्टडायल १९९६ मध्ये मुंबईत फोनवर माहिती सांगणारी सेवा म्हणून सुरू झाली; नळदुरुस्तीवाला हवा असलेली व्यक्ती फोन करी आणि तिला चार नावे-क्रमांक मिळत. इंडियामार्टही १९९६ चीच, आणि तिचा आरंभ निर्यातदारांची माहिती परदेशी खरेदीदारांपर्यंत नेण्यापासून झाला. या दोन्ही ठिकाणी वाचक हा खरेदी करू पाहणारा माणूस आहे. कोल्हापूरच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगाव औद्योगिक वसाहतीतल्या ओतकाम कारखान्याला अशा सूचीतून चौकशीचा एक फोन आला, तर त्या नोंदीचे काम झाले. तिथल्या लिंकला कोणती खूण लावलेली आहे याने त्या फोनला काही फरक पडत नाही. उलट ज्या डिरेक्टरीला कोणताही ग्राहक कधी भेट देत नाही, तिथल्या लिंकला कोणतीही खूण नसली तरी ती लिंक कोणाच्या कामाची? डीमॉझचा वाचक निघून गेल्यावर डीमॉझचे जे झाले, ते या डिरेक्टऱ्यांचे जन्मतःच झालेले असते.

याच्या जोडीला आपल्याकडे एक दुर्लक्षित साठा आहे. उद्योजकांच्या संघटना, वाणिज्य मंडळे, निर्यात परिषदा यांच्या सदस्य-सूची या अर्थाने डीमॉझच्या जातकुळीतल्या आहेत, कारण तिथे नाव येण्यासाठी कोणीतरी कागदपत्रे पाहिलेली असतात आणि सदस्यत्व मंजूर केलेले असते. पुण्याची मराठा चेंबर १९३४ पासूनची, भारतीय फाउंड्रीमनांची, म्हणजे ओतकाम व्यावसायिकांची संस्था १९५० ची, अभियांत्रिकी मालाच्या निर्यातदारांची परिषद १९५५ ची. अशा संस्थांचे सदस्य असलेल्या कित्येक उद्योगांनी आपल्या नोंदीत संकेतस्थळाचा पत्ता भरलेला आहे की नाही, हे कधी तपासलेलेही नसते. वर्गणी दरवर्षी भरली जाते आणि त्या रकान्यात जुना फॅक्स क्रमांक तसाच असतो. जो माणूस पाचशे अनोळखी डिरेक्टऱ्यांसाठी पैसे देतो, त्याने आधी आपल्या संघटनेच्या कार्यालयात एक फोन करून ही नोंद दुरुस्त करून घ्यावी, असे मी अगदी कळकळीने सांगेन. ज्या कंपनीचे आपण वितरक किंवा पुरवठादार आहोत तिच्या संकेतस्थळावरील वितरकांची यादी हीदेखील अशीच तपासलेली सूची असते.

एखादी अपरिचित डिरेक्टरी घ्यावी की नाही, हे ठरवण्यासाठी डीमॉझचीच फूटपट्टी लावता येते. आपला ग्राहक जे शब्द वापरून शोध घेईल ते शब्द आणि गावाचे नाव गूगलमध्ये घालून पाहावे. त्या निकालांत ज्या सूचींची पाने वर दिसतात, त्या सूचींना वाचक आहे असे समजायला हरकत नाही. मग त्या सूचीत आपल्या वर्गातल्या पाच-सहा नोंदी उघडून पाहाव्यात. बंद पडलेली दुकाने, दुसऱ्याच विषयाची संकेतस्थळे, जुगाराच्या जाहिराती दिसल्या, तर तिथे निवड करणारे कोणी नाही हे कळते. नोंद झाल्यावर ती आपल्याला दुरुस्त करता येईल का, हे आधीच पाहावे, कारण नोओडीपीचा प्रसंग ज्यांच्यावर आला त्यांना तेवढाच अधिकार हवा होता.

दुरुस्तीचा हा मुद्दा महाराष्ट्रात सध्या फार निकडीचा आहे. २०२३ मध्ये औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव झाले, २०२४ मध्ये अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. तिथल्या व्यवसायांचे पत्ते काही सूचींत जुन्या नावाने, काहींत नव्या नावाने, आणि इंग्रजीत तर निरनिराळ्या स्पेलिंगांनी पसरलेले आहेत. गूगल आपल्या स्थानिक निकालांचा क्रम शोधाशी असलेला संबंध, अंतर आणि व्यवसायाची प्रसिद्धी या तीन गोष्टींवरून लावतो, आणि तिसऱ्या गोष्टीत इतर संकेतस्थळांवर त्या व्यवसायाविषयी जे आढळते त्याचा वाटा असतो. म्हणून व्यवसायाचे नाव, पत्ता आणि फोन क्रमांक यांचे एक पक्के रूप ठरवून, आधी गूगल बिझनेस प्रोफाइलमध्ये, म्हणजे गूगलच्या शोधात आणि नकाशावर दिसणाऱ्या व्यवसायाच्या नोंदीत, आणि मग महत्त्वाच्या प्रत्येक सूचीत ते अक्षरशः तसेच भरावे. ग्राहक अजून काही वर्षे जुन्या नावानेही शोध घेतील. त्यांच्यासाठी जुने नाव स्वतःच्या संकेतस्थळावरील परिचयाच्या मजकुरात एकदा यावे, पण पत्त्याच्या रकान्यात दोन रूपे ठेवू नयेत.

याच कामात आणखी एक गोष्ट आवर्जून पाहावी. गूगल बिझनेस प्रोफाइलमधून फुकट तयार होणारी छोटी संकेतस्थळे गूगलने मार्च २०२४ मध्ये बंद केली, आणि त्यांच्या पत्त्यांवरून व्यवसायाच्या प्रोफाइलकडे वळवण्याची सोय १० जून २०२४ पर्यंतच होती. अनेक लहान व्यावसायिकांनी तोच पत्ता वेगवेगळ्या सूचींमध्ये भरून ठेवलेला होता. ज्यांनी अशा नोंदी पूर्वी केल्या असतील त्यांनी नव्या डिरेक्टरीचा विचार करण्याआधी प्रत्येक जुन्या नोंदीवरची लिंक स्वतः दाबून ती कुठे जाते ते पाहावे, आणि जिथे पान उघडत नाही तिथे आजचा पत्ता भरावा.